सरळ विचारायचं

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला मानसिक आरोग्याचा विषय सुरू झाला, आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी वर्गात जोड्या लावल्या. एकीने पेशंट व्हायचं, दुसरीने नर्स. नर्सने पेशंटला एकच प्रश्न विचारायचा, "तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?" बस्स, एवढंच. तोवर आम्ही सलाइन लावलं होतं, सडलेल्या जखमा धुतल्या होत्या, गेलेल्या माणसाचे डोळे मिटवले होते. पण ह्या एका वाक्यापाशी येऊन सगळ्याजणी ततपप करायला लागलो. एक म्हणाली, "तुम्हाला कसंतरी होतं का?" दुसरी म्हणाली, "मनात काही वाईट विचार वगैरे..." आणि तोंडावर हात धरून फिदीफिदी हसत सुटली. मॅडमनी टेबलावर डस्टर आपटला.

"वगैरे काय? सरळ विचारायचं. विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. आधीपासून असेल तर त्याला बाहेर यायला वाट मिळते. चला, पुन्हा."

माझी पाळी आली तेव्हा मी न अडखळता विचारलं. मॅडम म्हणाल्या, "बघा, असं." मुलींनी वळून माझ्याकडे पाहिलं. समोर बसलेल्या मैत्रिणीच्या जागी मी मनात बाबांना बसवलं होतं, हे त्यांना कुठून कळणार!

तिथून पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हा प्रश्न मला घरी जाऊन बाबांना विचारायचा होता, आणि तो माझ्या तोंडून निघत नव्हता.

मुळात मला नर्स व्हायचंच नव्हतं. बारावीनंतर मला मानसशास्त्र घ्यायचं होतं. त्यासाठी घरात सभा भरली. मुलुंडचे काका खास आले आणि म्हणाले, "मानसशास्त्र शिकून काय करणार? लोकांची डोकी तपासणार? आधी स्वतःचं तपास." बाबा म्हणाले, नर्स झालेली मुलगी घरी बसत नाही, कुठेही गेली तरी पोट भरते.  अशा सभांमध्ये आई पोहे करायची आणि कप उचलायची. मी थोडी रुसले, थोडी रडले आणि फॉर्म भरून टाकला.

आणि पहिल्याच वर्षाला बघते तर काय, नर्सिंगलाही मानसशास्त्राचा एक पेपर होता. बाकीच्या मुलींनी तो पास होण्यापुरता वाचला. मी पुस्तक संपवून लायब्ररीतली आणखी पुस्तकं आणली, ती संपवून घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडून जुनी आणली. ॲनाटॉमीत मी जेमतेम तरायची, पण माणसं अशी का वागतात ते मला विचारा. मैत्रिणी मला 'मनकवडी' म्हणायला लागल्या, आणि मीही चढून गेले. कुणी नखं खाल्ली की मी कारण सांगायची. कुणाचं जमत नसेल तर त्या दोघांचं बालपण उकरून काढायची. स्वतःलाही सोडलं नाही. वाचलेला प्रत्येक आजार मला आहे असं वाटायचं, पुढचं प्रकरण येईपर्यंत. एकदा मॅडम म्हणाल्या, "अगं मनकवडे, पेशंटची युरीन बॅग भरलीय, ती आधी दिसू दे तुला. मन नंतर बघू." सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण मला ते लागलं.

तर सांगायचं हे, की लक्षणं शोधायची मला खोडच लागली होती. पण बाबांच्या बाबतीत जे दिसत होतं ते मला शोधावं लागलं नाही. ते रोज समोर खुर्ची टाकून बसलेलं असायचं.

आमचं घर विक्रोळीला, पूर्वेला. आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले, बाबा इथल्या कारखान्यात. आमची जुनी बिल्डिंग चार मजली, आमचं घर तळमजल्यावर. ती पाडली आणि आम्ही काही वर्षं कांजूरमार्गला भाड्याने राहिलो. वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास घरात यायचा आणि आम्ही खिडक्या लावून उकडत बसायचो. मग टॉवर उभा राहिला, चावी मिळाली आणि आम्ही बाराव्या मजल्यावर आलो. नातेवाईक येऊन नळ उघडून बघायचे, लिफ्टचं कौतुक करायचे. "नशीब काढलंत," म्हणायचे. त्याच सुमारास बाबा रिटायर झाले.

जुन्या घरात आई पोरं सांभाळायची. पाळणाघर म्हणण्याइतकं काही नव्हतं. कामावर जाणाऱ्या बायका सकाळी आपली पोरं आमच्याकडे सोडायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. आमचं दार कधी लागलेलं मी पाहिलं नाही. दहावीचा अभ्यास मी मांडीवर कुणाचंतरी बाळ घेऊन केला. बिल्डिंग पाडल्यावर लोक पांगले, कुणी भांडुपला, कुणी बदलापूरला, काही परत आलेच नाहीत. नव्या टॉवरमधली पोरं एसी लावलेल्या प्ले-स्कूलमध्ये जातात. "आईला आता आराम आहे," असं मी सगळ्यांना सांगायची. मला अभ्यासाला शांतता मिळाली होती आणि ती मला फार आवडली होती.

नव्या घराला छोटी गॅलरी आहे. तिथून खाडी दिसते, कांदळवन दिसतं, पावसाळ्यानंतर सगळं हिरवंगार. पहिल्या महिन्यात बाबा येईल त्याला हात धरून गॅलरीत न्यायचे आणि दाखवायचे. मग हळूहळू ते बंद झालं. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची गॅलरीच्या दारात टाकली आणि तिथेच बसायला लागले. सकाळी चहा झाला की तिथे, जेवण झालं की तिथे. खुर्चीचं तोंड घराकडे. पाठीमागे एवढी खाडी पसरलेली, पण माणूस वळून बघत नव्हता. पेपर हातात असायचा, पण पान उलटायचं नाही. मी कॉलेजातून आले की बूट काढायच्या आधी दारातूनच बघायची, बाबा खुर्चीत आहेत ना. मग बूट काढायची.

पुस्तकात सगळं लिहिलेलं होतं. निवृत्ती, घर बदलणं, कामाची माणसं तुटणं, आवडत्या गोष्टींतून मन उडणं, गप्प राहणं. बाबांचं वय, बाबांचा स्वभाव, सगळं त्यात चपखल बसत होतं. आणि त्या खुर्चीच्या मागे बाराव्या मजल्याचा कठडा होता. मी वर्गात मान खाली घालून वही भरायची.

विचारायचं कसं? आमच्या घरात कुणी कुणाला "कसं वाटतंय" असं विचारत नाही. "जेवलास?" हे विचारतात, आणि त्यात काय ते समजून घ्यायचं. मग मी एक युक्ती काढली. बिल्डिंगमधल्या बायका तशाही माझ्याकडून बीपी बघून घ्यायच्या. मशीनचा पट्टा दंडाला बांधला की माणूस आपसूक गप्प बसतो, हात पुढे करून ठेवतो, आणि तेवढ्या वेळात बोलायला लागतो, हे मी पाहिलं होतं. मी बाबांचं बीपी रोज संध्याकाळी बघायला सुरुवात केली. बीपी चांगलं होतं. मला बीपीशी काही देणंघेणंच नव्हतं.

"झोप लागते का, बाबा?"

"लागते."

"पहाटे जाग येते? मग परत झोप लागत नाही, असं?"

"म्हातारपणी सगळ्यांनाच येते."

"जेवण जातं? की बळंच खाता?"

"तुझ्यासमोरच जेवतो ना मी."

"पूर्वीसारखं कशात मन रमतं का?"

तेव्हा ते हात काढून घ्यायला लागले. "तू बीपी बघतेस की मुलाखत घेतेस गं?"

आई आत ओट्यापाशी असायची. तिच्यापासून काय लपवायचं म्हणून मी मोठ्यानेच विचारायची. उलट तिनेही ऐकावं, तिनेही लक्ष ठेवावं, असं मला वाटायचं. ती चहा आणून द्यायची आणि परत आत जायची. एकदा मी तिच्यामागे आत गेले आणि हळूच म्हटलं, "आई, बाबा हल्ली गप्प असतात ना?" ती म्हणाली, "ते कधी बोलायचे?" आणि कोथिंबीर निवडायला लागली. मला तिचा राग आला. घरात काय चाललंय ह्याचा हिला पत्ता नाही, असं वाटलं.

मग गणपती आले. बाबांनी जाहीर केलं की यंदा गावाला जायचं नाही. मालवणी माणूस गणपतीला गावी जात नाही म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात गणपती आहे त्यांना सांगायला नको. बाबा तापात गेलेले आहेत, संपात गेलेले आहेत, रिझर्व्हेशन नाही म्हणून एसटीच्या पायरीवर बसून गेलेले आहेत. गावच्या घरी गणपतीसमोर गाऱ्हाणं तेच घालायचे. सगळं घर हात जोडून उभं राहायचं, आणि बाबा खणखणीत आवाजात देवाला एकेकाची अडचण सांगायचे. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचा गुडघा. देवापुढे त्यांना कसला संकोच नव्हता, आणि प्रत्येक वाक्याला मागून सगळे "व्हय महाराजा" म्हणायचे. वर्षभर गप्प असलेला माझा बाप तेवढ्या वेळात सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकायचा. लहानपणापासून मला त्याचं कौतुक होतं.

"गाऱ्हाणं कोण घालणार मग?" मी विचारलं.

"तुझा मुलुंडचा काका घालेल. मी त्याला फोन केला."

झालं! पुस्तकात हेही लिहिलेलं होतं. आपल्या जबाबदाऱ्या दुसऱ्याच्या हाती सोपवणं, निरवानिरव करणं. चतुर्थीला आम्ही तिघं टॉवरमधल्या सार्वजनिक गणपतीला हात जोडून आलो आणि परत वर आलो. मी मोदक अर्धाच खाल्ला. बाबा येऊन पुन्हा त्या खुर्चीत बसले. गावाहून काकांचा व्हिडिओ कॉल आला, बाबांनी फोनकडे बघून हात जोडले आणि फोन माझ्याकडे दिला.

गणपतीनंतर आमची मनोरुग्णालयात पोस्टिंग लागली. तिथल्या वॉर्डात मला बाबांच्याच वयाचे एक रिक्षावाले काका नेमून दिले होते. रोज त्यांच्याशी बोलायचं, त्यांचं ऐकायचं. ज्या पेशंटची जास्त भीती असते त्याला क्षणभरही नजरेआड करायचं नाही, हेही तिथेच शिकलो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मी त्यांना तो प्रश्न सरळ विचारला.  ते म्हणाले, "वाटायचं. आता कमी वाटतं." आणि लगेच म्हणाले, "पोरी, तू जेवलीस का?" मी सिस्टरना सगळं नीट सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान विचारलंस." मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच रडले. एका परक्या माणसाला जे विचारता येतं ते आपल्याच बापाला का येत नाही? त्यांनी "हो" म्हटलं तर काय करायचं, ही भीती होती. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी "नाही" म्हटलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.

वॉर्डात फोन चालत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून घरी फोन करायची. आईचा फोन लावला तरी बाबाच उचलायचे.

"काय करताय?"

"काय करणार? बसलोय."

"आई?"

"आहे. समोरच आहे."

मैत्रिणी म्हणायच्या, काय गं, बॉयफ्रेंडला एवढे फोन? मी म्हणायची, हो ना यार, फार पझेसिव्ह आहे. त्या हसायच्या. मला मात्र त्या दिवसांत काही सुचत नव्हतं. घरी येताना मुलुंडच्या बसस्टॉपवर उभी असताना ॲम्ब्युलन्स गेली की ती विक्रोळीच्या दिशेने जातेय का ते मी बघायची. शेजारच्या मावशींचा फोन आला की मी पहिल्याच रिंगला उचलायची. त्या विचारायच्या, "संध्याकाळी बीपी बघायला येऊ का गं?"

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाबा आता आईला एकटीला कुठे जाऊ देत नव्हते. भाजीला गेली की मागे पिशवी घेऊन हे. चक्कीवर हे, देवळात हे. जन्मात कधी बाजारात न गेलेला माणूस भेंडी निवडायला लागला. माझ्या मते ह्याचं कारणही पुस्तकात होतं, त्यांना एकटं राहायची भीती वाटत असणार. ती गेली की घरात ते, ती खुर्ची आणि तो कठडा. मला बाबांची दया यायची.

मग एका रविवारी बाबा आंघोळीला गेले होते आणि मी त्यांच्या कपाटात इस्त्रीचे कपडे ठेवत होते. शर्टांच्या खाली हाताला डबा लागला. आमचा औषधांचा डबा, जो जन्मभर फ्रिजवर असतो. आत आईच्या बीपीच्या गोळ्या, माझ्या पित्ताच्या, अंगदुखीच्या, गावच्या डॉक्टरने कधीकाळी दिलेल्या, सगळ्या पट्ट्या एकावर एक नीट रचून ठेवलेल्या.  गोळ्या साठवून ठेवणं. मॅडमनी फळ्यावर हे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी डबा होता तसा ठेवला, कपाट लावलं आणि बाथरूमच्या दाराशी उभी राहिले. आतून पाण्याचा आवाज येत होता तोवर ठीक होतं. तो थांबला तेव्हा मी दार वाजवलं. "अगं, टॉवेल घेतोय!" बाबा आतून ओरडले.

ते बाहेर आले, केस विंचरले, देवाला नमस्कार केला आणि खुर्चीत जाऊन बसले. मी बीपीचं मशीन घेतलं आणि समोर स्टूल टाकलं.

"आता सकाळी पण?" ते म्हणाले.

मी पट्टा बांधला. आत कुकर लावलेला होता, आई बांगडे धूत होती. मी पंप दाबलाच नाही. त्यांचा हात हातात धरला आणि म्हटलं, "बाबा, तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?"

वर्गात जमलं होतं तसं काही जमलं नाही. आवाज फाटला, "जीव" म्हणताना मी रडायलाच लागले. बाबा आधी चक्रावून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबले, स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं, आणि एकदम गावच्या बोलीत, अगदी हळू म्हणाले, "माका नाय गो. तुझ्या आवशीक इचार."

मला कळेचना. "आईला?"

"माका कित्याक इचारतंस? मी तिच्यासाठीच हय बसतंय."

मग त्यांनी सांगितलं. गणपतीच्या आधी, एका दुपारी ते खालून वर आले. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, घरभर वास पसरला होता, आणि आई गॅलरीत कठडा धरून उभी होती. त्यांनी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. गॅस बंद करून, हाताला धरून आत आणलं तेव्हा म्हणाली, "खाली पोरं खेळतायत का बघत होते." खाली पोरं कुठली, खाली पार्किंग आहे. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता इथे माझं काही काम उरलं नाही हो." त्याच दिवशी बाबांनी खुर्ची गॅलरीच्या दारात टाकली. तिला घेऊन गावच्या गर्दीत कसं जायचं, विहीर आहे, रस्ता आहे, सगळे आपापल्या कामात, कोण लक्ष ठेवणार, म्हणून गावही टाळलं, आणि फ्रिजवरचा गोळ्यांचा डबा आपल्या शर्टांखाली लपवला.

"मला का नाही सांगितलंत?" मला इतका राग आला होता की मी जवळजवळ किंचाळलेच. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बोललो तर खरं होईल असं वाटलं," ते म्हणाले. "आणि तू दमून येतेस. तुला आणि कशाला ताप? माका भय वाटला गो. काय करायचं ते समजेना. म्हटलं, आपण समोर बसून राहायचं."

वॉर्डात हे काम पाळीपाळीने करतात. एका माणसाला सलग जमत नाही, डोळे थकतात, मन उडतं. माझा बाप दिवसचे दिवस, चहा-जेवण आणि तिच्यामागे बाजारात जाणं सोडलं तर तिथून न उठता, ते एकट्याने करत होता. आणि मी रोज संध्याकाळी येऊन त्याच्याच दंडाला पट्टा बांधत होते. मला स्वतःची चीड आली, त्यांची माया आली, आणि ह्या सगळ्यांच्या खाली नुसती भीती होती, आधीपेक्षा मोठी. कारण बाबांवर मी निदान लक्ष ठेवून होते. आईकडे तर मी पाहिलंच नव्हतं. ती कधीपासून बारीक झाली? तिच्या ब्लाउजच्या बाह्या कधी ढिल्या झाल्या? ती शेवटची कधी कुणावर ओरडली होती? 

मी उठले. बाबा म्हणाले, "आत्ताच?" मी म्हटलं, "आत्ताच." ते माझ्यामागे आले नाहीत. पट्टा तसाच दंडाला बांधलेला, खुर्चीत बसून राहिले.

स्वयंपाकघरात आई ताटात बांगड्यांना मीठ-हळद लावत होती. पाठमोरी होती. मी तिच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, मी रडलेली आहे हे तिला दिसलं असणार. तिला वाटलं असेल, बाबांशी भांडण झालं. मी तोंड उघडलं आणि एक क्षण मला वाटलं की आधी काहीतरी दुसरं बोलावं, बांगडे कुठून आणले, किती ताजे आहेत. मग मी सरळ विचारलं.

"आई, तुला जगू नये असं वाटतं का?"

तिने हात नळाखाली धरले. हळद गेली तरी ती हात धूतच राहिली. मी नळ बंद केला. तिने पदराला हात पुसले आणि खाली बघत म्हणाली, "वाटतं. कधी कधी."

मला वाटत होतं, हे ऐकलं की मी कोसळेन. पण तसं झालं नाही. तिने ते इतकं साधं सांगितलं, की मीही साधीच मान हलवली आणि तिचा ओला हात धरला.  

"तू त्यांना विचारायचीस ना," ती म्हणाली, "बीपी बघताना. झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन रमतं का."

"हो."

"मी इथे उभी राहून उत्तरं द्यायचे. मनात. ते काय उत्तर देतात ते ऐकायचे आणि मग माझं द्यायचे." ती किंचित हसली, लाजल्यासारखी. "रोज वाट बघायचे, तू आज काय विचारणार म्हणून."

पुढे डॉक्टर, गोळ्या, तासतासभर ओपीडीच्या बाकड्यावर बसणं, हे सगळं सुरू झालं आणि अजून चालू आहे. काही दिवस बरे जातात, काही दिवस आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत बसतो. माझी भीती गेलेली नाही. आजही घरी पोचले की चप्पल काढायच्या आधी माझी नजर पहिल्यांदा आत जाते, फक्त आता ती स्वयंपाकघराकडे जाते. पण त्या रविवारी मला ह्यातलं काहीच सुचलं नव्हतं. ना डॉक्टर, ना पुस्तक. मी फक्त एवढंच म्हटलं, "ती उत्तरं आता मला सांग. सगळी."

आईने गॅस बंद केला, बांगड्यांवर झाकण ठेवलं आणि तिथेच खाली, फरशीवर बसली. मीही बसले.

"झोप नाही लागत गं," ती म्हणाली, आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.